रेल्वे टर्मिनलसाठी रीच स्टॅकर (कंटेनर उचलून ठेवायचं मशीन) घ्यायचाय, कर्ज अडलंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही जालन्याचे, वडलांपासून ट्रान्सपोर्टचा धंदा, आज 9 ट्रेलर आहेत. काम सगळं न्हावा शेवाचं, बंदरातून भंगाराचे डबे (कंटेनर) उचलायचे आणि इथल्या एमआयडीसीत सळईवाल्यांच्या भट्ट्यांना आणून टाकायचे, जाऊन-येऊन आठशे किलोमीटर, आणि परतीला डबा बहुतेक रिकामाच, कापसाच्या गाठी मिळाल्या तर मिळाल्या. मागच्या वर्षी आमच्या एका ड्रायव्हरला घाटात अपघात झाला, वाचला बिचारा, पण तेव्हापासून वडलांनी मनावर घेतलंय की लांबचा पल्ला रेल्वेनं करायचा आणि आपले ट्रेलर फक्त टर्मिनल ते कारखाना चालवायचे. 2015 ला इथल्या दरेगावच्या ड्रायपोर्टची (बंदरासारखीच कंटेनरची कामं होणारं जमिनीवरचं टर्मिनल) पायाभरणी झाली तेव्हापासून घरात हा विषय आहेच म्हणा. 45 वाघिणींच्या एका रेकमध्ये (म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत) 20 फुटी 90 डबे बसतात, तेवढ्या गाड्या घाटातून कमी, मला तर हे पटलंय.

स्वतःची कंटेनर गाडी चालवणं आपल्या आवाक्यातलं नाही, रेल्वेच्या 2006 च्या धोरणात लायसनची फीच 10 कोटींपासून पुढं होती. पण एक टर्मिनलवाले म्हणतात, 45 टनी रीच स्टॅकर तुम्ही आणा, डबे उतरवायचं-चढवायचं काम तुम्हाला देतो. पत्र मात्र 11 महिन्यांचंच देतात.

गाडी इथंच अडलीय. ट्रेलरला बँक लगेच कर्ज देते, आरसीवर बोजा चढला की त्यांचं समाधान. हे मशीन आवारातच फिरणार, त्याला आरसी नाही, म्हणून घर नाहीतर शेत तारण मागतात, आणि हप्ते 5 वर्षांचे तर काम 11 महिन्यांचं कसं, असंही विचारतात (त्यात त्यांचं चूक नाही). शेत गहाण टाकायला आई तयार नाही. कुणी असं मशीन कर्जावर किंवा लीजवर घेतलंय का? प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद 1
दादा, शेताला हात लावू नका. आधी टर्मिनलवाल्यांकडून निदान 3 वर्षांचा करार घ्या आणि त्यात महिन्याला कमीत कमी इतक्या डब्यांचे पैसे मिळणारच, हे लिहून घ्या. तो कागद हातात असला की बँक वेगळ्या तोंडानं बोलते, बिलाचे पैसे थेट कर्जखात्यात वळते करायचीही तयारी दाखवा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या धंद्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेची, हमी मागा, 10 कोटींपर्यंत मिळते, त्यात वेगळं तारण लागत नाही, फक्त वर्षाला हमी फी भरावी लागते. मॅनेजर स्वतःहून सांगत नाहीत, तुम्हीच विषय काढा.
आणि जीएसटीचं बघा. डबे हाताळणीचं बिल 18% नं लावलं तर मशीनवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं (तेवढा टॅक्स आपल्या जीएसटीतून वजा होतो), ट्रेलरच्या 5% वाल्या भाड्यात ते मिळत नाही, म्हणून दोन्हीचे हिशेब वेगळे ठेवा.

धागाकर्ता
खूप आभार दादा, सीजीटीएमएसईचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. सोमवारीच बँकेत जातो. कमीत कमी डब्यांचा आकडा कसा काढायचा, हप्त्यावरून की टर्मिनलला येणाऱ्या रेकवरून?