सीमापट्ट्यातल्या मालाला ई-वे बिलाची मर्यादा एक लाख करावी का?

मिरजेचा अडत्या (धागा काढणारे)

जतहून ऐंशी हजारांचा बेदाणा तासगावला न्यायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, लागत नाही, कारण महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात मर्यादा एक लाखाची आहे. तोच ऐंशी हजारांचा माल मिरजेच्या दुकानातून कर्नाटकातल्या अथणीच्या व्यापाऱ्याला पाठवायचा, तर बिल काढल्याशिवाय गाडी हलत नाही. राज्याची हद्द ओलांडली की मर्यादा ५० हजार. मिरजेहून कागवाड अर्ध्या तासावर आहे, जत-तासगाव त्याहून कितीतरी लांब. पण नियमाला अंतराशी देणंघेणं नाही, हद्दीशी आहे.

आपला पट्टा कसा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. अथणी, उगार, कागवाडची माणसं दवाखान्याला मिरजेत येतात. विजापूरकडचा बेदाणा सौद्याला तासगाव-सांगलीला येतो. सोयरिकी दोन्हीकडे आहेत. बाजार एक आहे आणि त्याच्या मधोमध रेघ आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले, आम्ही पेढे वाटले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल सक्तीचं झालं आणि नाका मोबाइलमध्ये आला. आता २०२५ पासून लॉगिनला ओटीपी पण लागतो. ओटीपी मालकाच्या फोनवर, मालक सौद्यात, गाडी वजनकाट्यावर उभी.

माझी मागणी मोठी नाही. हद्दीपासून दोन्ही बाजूंना ५० किलोमीटरच्या आत हलणाऱ्या मालाला आंतरराज्य असला तरी एक लाखाची मर्यादा लावा. आणि राज्याच्या आत व्यापाऱ्याच्या दुकानातून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत ५० किलोमीटरच्या आत 'भाग ब', म्हणजे गाडीचा नंबर, भरायला लागत नाही, ती सवलत हद्दीपलीकडच्या गोदामालाही द्या. बाकी कायदा आहे तसा राहू दे. व्यापारी संघटनेकडून निवेदन द्यायचं चाललंय, म्हणून इथे मतं विचारतो.

---

तासगावचा बागायतदार

अडत्या साहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमची ही सवलत आम्हाला नको.

बाहेरचा बेदाणा चोरवाटेनं देशात येतो आणि आमचा दर पाडतो म्हणून बागायतदार ओरडून थकले. चीनचा माल अफगाणिस्तानच्या नावावर येतो ही तक्रार आहे, कारण साफ्ता या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार करारात अफगाणी मालाला शुल्काची सूट आहे आणि चीनच्या मालाला नाही. मूळ देशाची खातरजमा आयातदारानं ठेवावी म्हणून २०२० मध्ये सप्टेंबरपासून नियम आले. तरी माल येतोच आहे. एकदा आत आला की पेटी बदलते, पंधरा किलोचा बॉक्स सगळ्यांचा सारखाच. मग तो सापडायची एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता आणि त्यावरचा कागद. तो कागद तुम्ही पट्ट्यापुरता काढून टाका म्हणताय.

आणि एक लाखाची मर्यादा म्हणजे काय? आज ४९ हजारांची बिलं फाडतात, उद्या ९९ हजारांची फाडतील. एकाच पिकअपमध्ये तीन बिलं. हे कोण करतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

---

करसल्लागार, विश्रामबाग

दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं राहिलंय.

बागायतदार दादा, ई-वे बिल बेदाण्याचा जन्मदाखला नाही. त्यावर पाठवणारा, घेणारा, एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गवारीचा कोड, किंमत आणि गाडी एवढंच असतं. माल कुठल्या देशात पिकला हे त्यात विचारतच नाहीत. मूळ देशाची तपासणी बंदरावर सीमाशुल्काकडे होते, ती तिथेच कडक व्हायला हवी. मिरज-कागवाड रस्त्यावर उभा राहिलेला जीएसटी निरीक्षक बेदाणा चाखून चीनचा की सावळजचा हे सांगू शकत नाही.

अडत्या साहेब, तुमच्यासाठी एक अडचण. निवेदन मुंबईला देणार असाल तर कागद वाया जाईल. राज्याला फक्त राज्यातल्या राज्यातली मर्यादा ठरवता येते, ती महाराष्ट्रानं २०१८ मध्येच एक लाख केली. आंतरराज्य ५० हजार ही जीएसटी नियमावलीतल्या नियम १३८ मधली गोष्ट आहे, ती जीएसटी परिषदेच्या शिफारशीनं बदलते. तिथे कर्नाटकानंही हात वर केला पाहिजे. कर्नाटकात तर राज्याच्या आतसुद्धा मर्यादा ५० हजारच आहे. त्यांनी तुम्हाला एक लाख का द्यावी?

जाता जाता, ५० हजार मोजताना करासकट मोजतात. ४८ हजारांचा बेदाणा, ५ टक्के कर धरला की ५०,४००. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं या चारशे रुपयांची असतात.

---

ट्रान्सपोर्टवाला, मिरज मार्केट

सल्लागार साहेब, तुमचं सगळं बरोबर, पण गाडी तुमच्या ऑफिसात नसती लगा, रस्त्यावर असती.

दंडाचा हिशेब सांगतो. ऐंशी हजारांच्या बेदाण्याला कर ४ हजार. बिल नसलं तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली मालक पुढं आला तरी कराच्या दुप्पट, म्हणजे ८ हजार. हे भरता येतं. पण गाडी दोन दिवस अडकली की ड्रायव्हरचा भत्ता, पुढचं भाडं बुडालं, आणि बाकीच्या पाच पार्ट्यांचा माल त्याच गाडीत. त्यांचं बिल चोख असून त्यांना शिक्षा.

ई-वे बिलाच्या मुदतीचं पण तसंच. २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. आधी १०० ला एक दिवस होता, तेव्हा बरं होतं. हळद घेऊन निजामाबादहून येताना टायर फुटला, पावसात रस्ता बंद झाला, तर मुदत संपायच्या आधी आठ तास नाही तर नंतर आठ तास, तेवढ्यातच वाढवता येती. रात्री दोन वाजता ढाब्यावर रेंज नसती, तिथं कोण वाढवणार?

मला एक लाख बी नको आणि दोन लाख बी नको. अडवायची पद्धत सुधारा.

---

करसल्लागार, विश्रामबाग

पद्धत कागदावर सुधारलेली आहे, वापरत कुणी नाही. लिहून ठेवा:

अधिकाऱ्यानं गाडी तपासली तर चोवीस तासांत पोर्टलवर अहवालाचा पहिला भाग चढवायचा. एका ठिकाणी तपासलेली गाडी, करचुकवेगिरीची ठोस माहिती नसेल तर, वाटेत पुन्हा तपासायची नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबवली तर ट्रान्सपोर्टरला ई-डब्ल्यूबी-०४ फॉर्म भरून ते नोंदवता येतं. आणि १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक क्रमांक ६४ सांगतं की नावातली स्पेलिंगची चूक, पिनकोडची चूक, गाडीच्या नंबरातला एखाददुसरा आकडा, असल्या किरकोळ बाबींत कलम १२९ लावायचं नाही, केंद्र-राज्य मिळून हजार रुपये दंड घ्यायचा.

हजार रुपयांत सुटणारी गाडी आपण दोन दिवस उभी ठेवतो आणि मग मर्यादा वाढवा म्हणतो.

---

ट्रान्सपोर्टवाला, मिरज मार्केट

०४ भरला की पुढच्या खेपेला त्याच साहेबाच्या तोंडावर जायचंय मला. तुम्ही भरा ना तुमच्या नावानं.

---

कुपवाडचा फौंड्रीवाला

बेदाण्यातून जरा बाहेर या. ऐंशी हजार आणि लाखावर भांडताय, आमच्याकडे पाच हजाराच्या मालालाही ई-वे बिल लागतं. खरंच. मशिनिंगला कास्टिंग बेळगावला पाठवलं की ते दुसऱ्या राज्यातलं जॉबवर्क, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम, आणि जॉबवर्कचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तर किमतीची मर्यादाच नाही. एक रुपयाचा असला तरी बिल काढा. तेच कास्टिंग कोल्हापूरला शिरोलीला पाठवलं तर लाखापर्यंत काही नाही. म्हणून चार पैसे जास्त देऊन काम शिरोलीला देणारे लोक मला माहीत आहेत. बेळगावचा कारागीर चांगला असून.

आता दुसरी बाजू. निर्यातीचा कंटेनर सील करायला पूर्वी एक्साइजचा माणूस कारखान्यात यायचा. त्याची वाट बघण्यात दिवस जायचा, जहाज चुकायचं. २०१७ मध्ये स्वतः सील करायची मुभा मिळाली. एकदा परवानगी घ्यायची, आरएफआयडीचं, म्हणजे यंत्रानं वाचता येणारं, सील लावायचं, न्हावाशेवा बंदरात ते वाचतात. संशय आला तरच उघडतात. कागद कमी झाले का? नाही. माणसाची वाट बघणं गेलं. सोपं करणं म्हणजे हे. अडत्यांची मागणी उलट आहे, त्यांना नोंदच नको आहे. नोंद राहू द्या, थांबवणं काढा.

---

मिरजेचा अडत्या

फौंड्रीवाले, तुमचं जॉबवर्कचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, हे तुमच्या लक्षात येतंय का? मर्यादाच नाही म्हणून काम बेळगावहून शिरोलीला गेलं. मर्यादा असती तर गेलं नसतं.

स्वतः सील करणं हे कंटेनरवाल्यांसाठी ठीक. कंटेनर भरणाऱ्याकडे हिशेबनीस असतो, कॉम्प्युटर असतो, सीएचए म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट असतो. माझ्याकडे माल घेणारा अथणीचा किराणावाला जुन्या मोबाइलवर पैसे पाठवतो. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या चार पोत्यांना आणि दुबईला जाणाऱ्या कंटेनरला एकाच तागडीत का तोलता?

आणि थांबवणं काढायचंच, तर फास्टॅग २०२१ पासून ई-वे बिलाला जोडलेला आहे. टोलवर गाडी दिसते. मग हात दाखवून कशाला थांबवतात?

---

तासगावचा बागायतदार

टोलवर दिसते! बेडग, आरग, सलगरेकडून आडवाटेनं गेलेली गाडी कुठल्या टोलवर दिसणार? ज्याला लपवायचंय तो टोलच्या रस्त्यानं जात नाही. आणि तुमचा ५० किलोमीटरचा पट्टा म्हणजे नेमक्या त्याच आडवाटा.

---

गणपती पेठेतला जुना दुकानदार

मी जकात पाहिली, नंतर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, पाहिला. जकातीत नाक्यावर रांग असायची, पण पावती मिळाली की विषय संपला. एलबीटीत नाका गेला आणि हिशेब दुकानात आला, तेव्हा सांगलीतले व्यापारी रस्त्यावर उतरले. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी काढला, तेव्हा सुटलो. म्हणजे 'सोपं करतो' म्हणून आलेल्या दर वेळी नाका थोडा थोडा आमच्या गल्ल्याजवळ आला. म्हणून मला अडत्यांचं पटतं. छोट्याला नोंदीतूनच सोडा. त्याची नोंद ठेवण्याचा खर्च त्याच्याकडून मिळणाऱ्या करापेक्षा जास्त आहे.

फौंड्रीवाल्यांना एक विचारतो. रांजणीच्या ड्राय पोर्टची, म्हणजे बंदराची कामं इथेच करायच्या तळाची, भाषणं किती वर्षं ऐकतोय आपण? ते झालं असतं तर न्हावाशेवाची निम्मी कागदपत्रं इथेच झाली असती. त्याचं निवेदन कोण देणार?

---

कुपवाडचा फौंड्रीवाला

काका, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. इथे नको, नाहीतर अडत्यांचं राहून जाईल.

---

करसल्लागार, विश्रामबाग

शेतकऱ्याबद्दल एक गैरसमज इथे कुणी पसरवू नये म्हणून लिहितो. शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेचा बेदाणा विकला तर त्याला जीएसटी नाही. २१ डिसेंबर २०२४ च्या परिषदेच्या बैठकीत हे स्पष्ट केलं गेलं. आणि ई-वे बिलाची सक्ती नोंदणीकृत माणसावर आहे, शेतकऱ्याला ते ऐच्छिक. म्हणजे शेडवरून कोल्ड स्टोरेजला स्वतःचा माल नेणाऱ्या बागायतदाराला या मर्यादेशी काही करायचं नाही. मर्यादा वाढली तर फायदा व्यापाऱ्याचा, न वाढली तर तोटाही व्यापाऱ्याचा.

---

तासगावचा बागायतदार

नियमात ऐच्छिक. रस्त्यावर गाडी अडवली की सातबारा काढ म्हणतात. बागेचा सातबारा वडिलांच्या नावावर, गाडीत मुलगा. मग?

पण तुमच्याच बोलण्यावरून सांगतो. फायदा व्यापाऱ्याचा असेल तर व्यापाऱ्यानं त्याची किंमत मोजावी. पट्ट्यातल्या बेदाण्याच्या प्रत्येक बिलावर बागेचं गाव नाही तर कोल्ड स्टोरेजचा पावती नंबर लिहायचा. निर्यातीच्या द्राक्षाला ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंद असतेच, माल परदेशात अडकला तर कुणाच्या बागेतला ते कळतं. बेदाण्याला देशातल्या देशात तेवढं का नको? हे मान्य असेल तर माझा एक लाखाला विरोध नाही.

---

मिरजेचा अडत्या

कोल्ड स्टोरेजचा नंबर लिहायला माझी हरकत नाही, तो पावतीवर असतोच. बागेचं गाव लिहिणं अवघड आहे. सौद्यात चार गावांचा माल एका ग्रेडला मिसळतो, मग कुठलं गाव लिहू?

निवेदनात तीन गोष्टी घालतोय: पट्ट्यात एक लाखाची मर्यादा, आंतरराज्य जॉबवर्कलाही तीच मर्यादा, आणि बेदाण्याच्या बिलावर कोल्ड स्टोरेजचा पावती नंबर. ट्रान्सपोर्टवाल्यांचा अर्ध्या तासाचा मुद्दा वेगळ्या पत्रात, तो जिल्ह्याच्या राज्यकर कार्यालयाला देता येईल. गावाचं कलम घालत नाही.

---

तासगावचा बागायतदार

मग बागायतदारांची सही त्यावर येणार नाही. गावाशिवाय पावती नंबर म्हणजे बाहेरचा माल इथल्या कोल्ड स्टोरेजात आठ दिवस ठेवायचा आणि सांगलीचा म्हणून बाहेर काढायचा. तुम्ही द्या निवेदन, आम्ही आमचं वेगळं देतो.

---

ट्रान्सपोर्टवाला, मिरज मार्केट

ते अर्ध्या तासाचं पत्र कधी देताय? तारीख सांगा, पाच-सहा जण घेऊन येतो. ०४ चा फॉर्म कुठं असतोय ते कुणीतरी आधी दाखवा, मी आजपर्यंत बघितलेला नाही.