विमान आणि अंतराळाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं जमवायची आहेत, नागपुरात सुरुवात कुठून करू?

खामला_रनवे:
नमस्कार मंडळी. आजोबा पोस्टात होते, सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या टपाल विमानांची ड्युटी करायचे. मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांची ट्रंक उघडली, तर वर गोधडी आणि खाली पुस्तकं! तीन विमानांची, दोन रशियन छापाची अंतराळावरची, आणि नॅशनल जिओग्राफिकचे सात-आठ अंक. दोन रात्री झोपलोच नाही, वाचत बसलो. आता हे जमवायचंच आहे, विमानं आणि अंतराळ दोन्ही. महिन्याला हजार-बाराशे काढू शकतो. नागपुरात कुठे मिळते, ऑनलाइन घेताना काय पाहायचं, आणि ठेवायचं कसं, कारण एकाची शिवण आत्ताच सुटून राहिली आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

महालचा_मोरू:
भाऊ आधी ते जिओग्राफिकचे अंक नीट पाहा. डिसेंबर १९६९ चा आहे का? अपोलो ११ वाला. त्यात एक पातळ लवचिक रेकॉर्ड होती, अंतराळवीरांचे आवाज असलेली. सीताबर्डीवर, आपल्या बर्डीच्या बाजारात, जुने जिओग्राफिक ढिगाने पडलेले असतात पण रेकॉर्ड बहुतेक अंकांतून कोणीतरी आधीच काढून घेतलेली असते.

खामला_रनवे:
आहे!! रेकॉर्ड पण आहे, एका कोपऱ्यात दुमडली आहे फक्त.

डाकोटा_डायरी:
मग सुरुवात झालीच की तुमची. मी बावीस वर्षं हेच करतेय, सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे "विमान आणि अंतराळ" हा विषय नाही, तो समुद्र आहे. हजार रुपयांत समुद्र जमत नाही. मी पहिली चार वर्षं दिसेल ते उचललं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त नंतर वाटून टाकलं, कारण एका पुस्तकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नव्हता. एक कोपरा धरा. मी भारतातली हवाई टपालसेवा धरली, कारण आपल्या गावाइतकी त्याची गोष्ट कुठेच नाही. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी परत. देश मध्ये दुमडला तर घडी नागपूरवर पडते, म्हणून हे जमलं. तुमच्या आजोबांनी ते उभं राहून पाहिलंय, तुम्हाला कोपरा शोधायची गरजच नाही असं मला वाटतं.

दुसरं, वाचायचं पुस्तक आणि जमवायचं पुस्तक वेगळं ठेवा. नासाने आपला इतिहास इतिहासकारांकडून लिहून घेतला, त्या पुस्तकांना एसपी, म्हणजे स्पेशल पब्लिकेशन, असे नंबर असतात. अमेरिकेच्या पहिल्या मानवी यानांचा, म्हणजे मर्क्युरीचा, एसपी-४२०१ हा १९६६ चा, अपोलोच्या यानांचा एसपी-४२०५ हा १९७९ चा, सॅटर्न रॉकेटचा एसपी-४२०६ हा १९८० चा. हे सगळं नासाच्या साइटवर फुकट वाचता येतं, तर आधी वाचा, आवडलं तरच छापील प्रत शोधा, आणि शोधताना नावाऐवजी एसपी नंबर टाका, विकणाऱ्याने नाव अर्धवट लिहिलं असेल तरी सापडते. अपोलो ११ वरच्या मायकेल कॉलिन्सचं १९७४ चं 'कॅरिइंग द फायर' मात्र विकतच घ्या, साध्या पेपरबॅकमध्ये चालेल. माणसाने स्वतः बसून लिहिलंय, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही, आणि ते पानोपानी जाणवतं.

गोकुळपेठ_७४७:
ताई, पहिली आवृत्ती कशी ओळखायची ते पण सांगा ना. मी फसलोय. फोटोत कव्हर चकाचक, वर्णनात "फर्स्ट एडिशन", चार हजार दिले आणि आली बुक क्लबची प्रत, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली स्वस्त आवृत्ती.

डाकोटा_डायरी:
वाईट वाटलं वाचून. हे फार होतं. अमेरिकन पुस्तक असेल तर जॅकेटच्या, म्हणजे वरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीवर किंमत छापलेली आहे का ते पाहायचं. बुक क्लबच्या प्रतीवर बहुतेक नसते, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटा दाबलेला ठिपका किंवा चौकोन असतो. घडीचा कोपरा कापलेला असेल तर विचारायचंच, का कापला. मग कॉपीराइटचं पान. नव्या पुस्तकांत आकड्यांची एक ओळ असते, तिच्यात १ आहे का बघा, असेल तर ती बहुतेक पहिली छपाई. जुन्यांत प्रत्येक प्रकाशकाची तऱ्हा वेगळी. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं १९५३ चं आत्मकथन, ज्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, ते स्क्रिबनर्सने काढलं होतं आणि त्यांच्या पहिल्या छपाईला कॉपीराइटच्या पानावर ए हे अक्षर असायचं. पण ते इतकं छापलं गेलं की दुर्मीळ अजिबात नाही, त्यामुळे कोणी त्याचे दहा हजार मागत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

जॅकेटची घडी आणि कॉपीराइटचं पान, या दोन्हींचे फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी आजवर काहीच घेतलं नाही.

महालचा_मोरू:
नागपुरातलं मी सांगतो. बर्डीवर रविवारी सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही. पण खरा माल रद्दीवाल्यांकडे येतो. इथे वायुसेनेची मेंटेनन्स कमांड आहे, वायुसेनेतून रिटायर होऊन इथेच घर बांधलेले खूप लोक आहेत, ते गेले की पोरं पुण्या-बंगलोरला, आणि घर विकताना पुस्तकं किलोवर जातात. मी तीन-चार रद्दीवाल्यांना सांगून ठेवलंय की विमानाचं चित्र दिसलं की फोन करा, किलोच्या भावापेक्षा जास्त देतो. एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांचं १९८६ चं वायुसेनेच्या आठवणींचं पुस्तक मला असंच मिळालं, समासात पेन्सिलने कोणीतरी टिपा केलेल्या, १९७१ च्या प्रकरणात तर प्रत्येक पानावर. मले तर कोऱ्या प्रतीपेक्षा हीच प्यारी आहे.

त्रिमूर्तीनगर_वाचक:
वैमानिक शास्त्र, म्हणजे प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगतात तो संस्कृत ग्रंथ, त्याची जुनी प्रत पाहिली होती एका ठिकाणी, घ्यावी का?

डाकोटा_डायरी:
१९७३ ची इंग्रजी आवृत्ती असेल तर कुतूहल म्हणून घ्या, पण प्राचीन भारताच्या विमानविद्येच्या कप्प्यात ठेवू नका. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये ती तपासली, मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत असं स्पष्ट लिहिलं. त्या पैशात थुंब्याच्या, म्हणजे केरळातल्या आपल्या पहिल्या रॉकेट तळाच्या, गोष्टीसाठी गोपाल राज यांचं २००० सालचं 'रीच फॉर द स्टार्स' शोधा, भारतीय रॉकेटांवर इतकं मन लावून लिहिलेलं कमी आहे.

आणि खामला, ठेवण्याचं राहिलं. नागपुरात पुस्तकाचा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत कागद आणि डिंक वाळून कडक होतो, आणि वरून आपण कूलरची ओली हवा त्याच खोलीत सोडतो, मग पुठ्ठे वाकतात, बुरशी येते. कपाट कूलरच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, खाली चार बोटं उंच असू द्या, वाळवी. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते मी. शिवण सुटलेल्याला सेलोटेप अजिबात लावू नका, ती पिवळी होऊन कागद खाते, सध्या सुती फितीने बांधून ठेवा.

खामला_रनवे:
ताई, कूलर आणि कपाट एकाच खोलीत आहे, आज संध्याकाळीच हलवतो. आणि एक सांगायचं राहिलं. ट्रंकेत तळाशी एक वही पण होती, मी हिशोबाची समजून बाजूला ठेवली होती. आत्ता तुमचं वाचून उघडली. आजोबांनी रोज रात्री कोणतं विमान किती वाजता उतरलं आणि किती थैल्या ते लिहिलंय. १९५२ चा पावसाळा आहे. एका पानावर "मद्रास आले नाही" एवढंच.

डाकोटा_डायरी:
ती वही आधी स्कॅन करा. पानं दाबून सपाट करू नका, वरून मोबाइलने फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. बाकी पुस्तकं कुठेतरी दुसरी प्रत म्हणून सापडतील. आणि त्या पानाच्या पुढच्या रात्री काय लिहिलंय ते इथे सांगा, मी जागी आहे.

खामला_रनवे:
"मद्रास ०१.४०. थैल्या दोन रात्रींच्या. सर्व ठीक."