आइसलँडमध्ये भाड्याची गाडी स्वतः चालवायची आहे: कोणती गाडी, कोणता विमा?

दूरचीवाट:

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे आणि प्राथमिक शाळेतली दोन मुले, आइसलँडला जाणार आहोत. केफ्लाविक विमानतळावरच गाडी ताब्यात घ्यायची, दक्षिण किनाऱ्याने विक या गावावरून योकुलसारलोन या हिमनदीच्या सरोवरापर्यंत जायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे, असा बेत आहे. आम्ही दोघेही बरीच वर्षे गाडी चालवत आहोत, परंतु सवय आहे ती रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याची. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेणे गरजेचे आहे का, की छोटी गाडी पुरेल? भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर विम्याचे इतके प्रकार दिसतात की त्यांतले कोणते खरोखर कामाचे आणि कोणते वगळले तरी चालतील, हे कळेनासे झाले आहे. उजव्या बाजूने चालवण्याची सवय लवकर व्हावी यासाठी काही करता येत असेल, तर तेही कृपया सांगावे.

सारथी:

फोर बाय फोरची सक्ती आहे ती नावात ‘एफ’ अक्षर असलेल्या, देशाच्या डोंगराळ अंतर्भागातून जाणाऱ्या रस्त्यांवर, आणि त्या वाटेला तुम्ही जाणार नाही. राजधानी रेक्याविक ते योकुलसारलोन हे साधारण ३७५ किलोमीटरचे अंतर रिंग रोडवर, म्हणजे क्रमांक १ च्या रस्त्यावर आहे आणि तो सगळा डांबरी आहे. तेव्हा छोटी गाडी पुरते. ‘एफ’ रस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी पूल नाहीत, नदी पाण्यातूनच ओलांडावी लागते, आणि इंजिनात पाणी शिरले तर तो खर्च सहसा कोणत्याही विम्यात बसत नाही. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी नेणे देशभर बेकायदेशीर आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकांची खूण भरून यायला कित्येक दशके जावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे तो कायदा इतका कडक का आहे ते पटते.

परवाना रोमन लिपीत असावा लागतो. नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर असावे आणि त्याचा पिन पाठ असावा, कारण बहुतेक पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि पिन दिल्याशिवाय पंप सुरू होत नाही. मुलांची आसने आरक्षण करतानाच मागून घ्या.

उत्तरवारा:

सारथी यांनी सांगितलेले बरोबर आहे, पण आइसलँडमध्ये गाडी ठरवताना रस्त्याइतकाच वाऱ्याचा विचार करावा लागतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. तिथले अंदाज सेकंदाला किती मीटर या मापात दिलेले असतात, त्यामुळे २० हा आकडा वाचून काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात तो वेग ताशी ७२ किलोमीटर होतो, आणि झोत त्याहूनही जोरदार असतात. विकच्या पुढचे मिर्दालसान्दुर आणि स्केइदारारसान्दुर हे काळ्या वाळूचे सपाट प्रदेश तुमच्याच वाटेवर आहेत. तिथे वादळ झाले की उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते आणि काचा अंध होतात. उंच कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली गाडी, घ्यायचा विचार मनात असेल तर या मोसमात तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते मात्र उभ्या गाडीचे. वारा मागून येत असताना दार उघडले की ते हातातून निसटते, बिजागरीच्या मर्यादेपलीकडे जाऊन पुढच्या पत्र्यावर आपटते, पत्रा चेपतो आणि मग दार नीट लागतच नाही. एका धबधब्याच्या वाहनतळावर असे दार दोरीने बांधून जाणारे कुटुंब मी पाहिले आहे. म्हणून गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, एका वेळी एकच दार उघडावे, त्यावरची पकड शेवटपर्यंत सोडू नये, आणि मुलांची दारे मोठ्या माणसाने बाहेरून उघडावीत. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक पहिल्याच दिवशी लावून टाका.

विम्याचा निर्णयही याच दृष्टीने घ्यावा. मूळ भाड्यात जो सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीच्या नुकसानीचा मूळ विमा) असतो, त्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा आपल्यालाच भरावा लागतो. सुपर सीडीडब्ल्यू घेतल्यावर तो हिस्सा कमी होतो. ‘ग्रॅव्हल प्रोटेक्शन’ हे उडालेल्या खड्यांनी काच, दिवे आणि रंग यांच्या होणाऱ्या नुकसानीसाठी असते. ते घ्यावे, कारण हमरस्ता डांबरी असला तरी धबधब्यांकडे आणि मुक्कामांकडे वळणारे फाटे अनेकदा खडीचे असतात. ‘सँड अँड ॲश’ हे वाळू आणि राखेसाठी. उन्हाळ्यात रेक्याविकच्या आसपासच फिरणाऱ्याला ते वगळता येईल. तुम्ही मात्र त्या वाळूच्या मैदानांतून दोनदा जाणार आहात, म्हणून तुम्ही वगळू नये. एवढे सगळे घेऊनही वाऱ्याने मोडलेले दार आणि गाडीच्या तळाचे नुकसान बहुधा वगळलेलेच असते. तेवढी दोन कलमे सही करण्यापूर्वी करारात शोधून वाचाच. बाहेरच्या कंपनीकडून घेतलेला स्वस्त विमा आधी तुमच्या कार्डावरून पैसे जाऊ देतो आणि परतावा नंतर मागायला लावतो. वाईट नाही, पण कार्डाची मर्यादा तेवढी हवी. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काच, चाकांच्या कडा आणि बंपरची खालची बाजू यांचा व्हिडिओ काढून ठेवावा.

चाकोरीबाहेर:

उजव्या बाजूबद्दल थोडेसे. आइसलँडनेही २६ मे १९६८ रोजी डावी बाजू सोडून उजवी धरली, म्हणजे सवय बदलता येते. गिअर बदलण्याची चिंता नको म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्या. अडचण मोकळ्या रस्त्यापेक्षा वळणावर येते, विशेषतः पंपावरून किंवा वाहनतळावरून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, कारण समोर अनुकरण करायला दुसरी गाडी नसते. तेवढ्या क्षणी शेजारी बसलेल्याने मोठ्याने “उजवीकडे” म्हणावे. दुसरी अडचण अशी, की आता गाडीचा बहुतेक भाग तुमच्या उजव्या हाताला असतो आणि त्याचा अंदाज नसल्याने ती नकळत उजव्या कडेकडे सरकते. तिथल्या रस्त्यांना बाजूपट्टी जवळपास नसते आणि रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असतो, त्यामुळे एक चाक खाली गेले की गाडी कलंडू शकते.

दोन मार्गिकांच्या चौकातील गोल वळणावर आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणाऱ्या गाडीला प्राधान्य असते. हा तिथला वेगळा नियम आहे. ‘एइन्ब्रेइद ब्रू’ अशी पाटी दिसली की पुढे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल असा अरुंद पूल आहे असे समजावे आणि जो आधी पोचला त्याला जाऊ द्यावे. दिवे दिवसाही लावावे लागतात. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८० आणि वस्तीत ५० आहे, पण खडीवर ८० ने जाणे मला तरी धाडसाचे वाटते. डांबर संपते त्या ठिकाणाआधीच वेग कमी करायला हवा. खडीवर पोचल्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरते. मेंढी रस्त्याच्या एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला दिसले तर थांबाच, कारण गाडी जवळ आली की कोकरू आईकडे धाव घेते.

दूरचीवाट:

सर्वांचे मनापासून आभार. ‘सँड अँड ॲश’ आम्ही वगळणार होतो, आता घेत आहोत. एकच शंका उरली आहे. परतीचे विमान सकाळचे आहे आणि आदल्या रात्री विकला राहण्याचा विचार होता. ते अंतर तीन तासांचे दिसते. हे चालेल का?

उत्तरवारा:

नको. वारा वाढला की विकच्या परिसरातला क्रमांक १ चा रस्ताच बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी नेली तर विमाही उपयोगी पडत नाही. त्या दिवसांत सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो, त्यामुळे सकाळच्या विमानासाठी अंधारातच निघावे लागेल. शेवटचा मुक्काम केफ्लाविक किंवा रेक्याविकला हलवा, आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी रस्ते प्रशासनाच्या संकेतस्थळावर किंवा १७७७ या दूरध्वनी क्रमांकावर रस्त्याची स्थिती विचारून घ्या.