मदत हवी आहे: मध महाबळेश्वरचाच आहे हे तपासणीत कळतं का?

मंडळी, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तीन वर्षं एकाच माणसाकडून मध येतो. बरणीवर 'महाबळेश्वर, कारवी'. यंदा एका काकांनी खुसपट काढलं, कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, मग हा दरवर्षी आणतो कुठून? शहानिशा माझ्या गळ्यात. (मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे नळ गळला तरी मलाच बोलावतात.)

विक्रेत्यानं रिपोर्ट दाखवला. ओलावा २० टक्क्यांच्या आत, सी-४ साखर (म्हणजे ऊस-मक्यासारख्या पिकांची) ७ टक्क्यांच्या आत, सगळं पास. पण यातून फार तर भेसळ कळते. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेत कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) जास्त असतो, म्हणून ती सापडते. भरतपूरच्या मोहरीचा अस्सल मधही हीच परीक्षा पास होईल की!

मध कुठल्या गावचा हे ठरवायला स्ट्रॉन्शियम या धातूची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) बघतात असं वाचलं. खडकातून माती, मातीतून झाड, झाडातून मकरंद. पण महाबळेश्वर काय नि सिंहगड काय, खाली बेसॉल्टच. मग फरक कळणार कसा? पुण्यात कुठे विचारू? वर्गणी पाच हजार जमलीय.

प्रतिसाद १
ताई, स्ट्रॉन्शियम राहू द्या. त्यानं गंगेच्या गाळाचा प्रदेश आणि दख्खन वेगळे करता येतील, दोन घाट नाही. आधी परागकण बघा. मध पाण्यात पातळ करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळाचा गाळ काचपट्टीवर. मोहरीचे पराग ढिगानं दिसले तर प्रश्न मिटला. जांभूळ, हिरडा, गेळा दिसले तर सह्याद्रीकडे बोट जातं. फार बारीक गाळलेल्या मधात मात्र पराग उरतच नाहीत. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथे चौकशी करा.

प्रतिसाद २
मी मधपाळ, जावळीकडचा. दोन गोष्टी. कारवी सगळ्या डोंगरांवर एकाच साली फुलत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नका. तरी दरवर्षी, तेही सोसायटीला पुरेल एवढा? मला नाही पटत. दुसरं, पावसाळ्यात सातेरीच्या (आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या) पेट्यांना आम्ही साखरेचा पाक देतो, नाहीतर वसाहत उपाशी मरते. पाकाचा अंश पोळ्यात राहिला तर प्रामाणिक माणसाच्या मधातही उसाची साखर दिसते.

आणि ताई, कुठलीही तपासणी करा, शेजारी ठेवायला खात्रीचा मध लागेल. नुसत्या आकड्यांवरून गाव कळत नाही. माझ्याकडे यंदाचा जांभळाचा आहे, न गाळलेला.

धागाकर्ती
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी येऊ का बाटली घेऊन? कारवीचा जुना मध कुणाकडे उरलाय का, तेही विचाराल? काकांना तूर्तास एवढंच सांगते की निकाल लागेपर्यंत बरणी परत करू नका.

प्रतिसाद २
या. काचेची बाटली आणा, कोरडी. कारवीचा आमच्या चुलत्यांकडे असेल, पण ते चमचाभरच देतील.