हॉट स्टार्ट आणि हंग स्टार्ट कसे ओळखावेत?

बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विद्यार्थी: जेट प्रशिक्षण विमानाचे इंजिन सुरू करताना हे दोन बिघाड केवळ तापमापकावरून वेगळे ओळखता येतात का?

खानापूरकर: नाही, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटाही पाहावा लागतो. इंधन पेटल्यावर एक्झॉस्टचे तापमान झपाट्याने मर्यादेकडे धावू लागले, तर तो हॉट स्टार्ट. फेरे आयडलच्या, म्हणजे इंजिन स्वतःच्या बळावर चालत राहण्याच्या किमान वेगाच्या, खालीच अडकले, तर हंग स्टार्ट. दोन्हींत इंधन ताबडतोब तोडावे.

निपाणीकर: वेट स्टार्ट राहिला. इंधन जाते, पण तापमान चढतच नाही. अशा वेळी इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरने इंजिन फिरवून साठलेले इंधन बाहेर काढल्याशिवाय पुन्हा प्रयत्न केल्यास मागून ज्वाळा निघू शकतात.

खानापूरकर: बरोबर. बॅटरी कमजोर असेल किंवा पावसाळ्यातला आपला पश्चिमेचा वारा शेपटीकडून येत असेल, तर हॉट स्टार्टची शक्यता वाढते.