जपानी स्त्रियांना मताधिकार मिळाला की त्यांनी तो मिळवला?

शरयू:
वामनरावांनी काल लिहिले की, जपानी स्त्रिया हक्कांसाठी कधी झगडल्याच नाहीत, १९४५ मध्ये युद्ध हरलेल्या जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांनी मताधिकार त्यांच्या ओंजळीत टाकला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्यावर तर प्रश्नच मिटला. ते वाचून मला रात्रभर चैन पडले नाही. १८७८ मध्ये जपानमधल्या कोची येथील कुसुनोसे किता या विधवेने सरकारला लेखी विचारले होते की, घरची कर्ती म्हणून मी कर भरायचा आणि मत मात्र द्यायचे नाही, हा कुठला न्याय? १९०० च्या पोलीस कायद्याने स्त्रियांना राजकीय सभेत नुसते बसायलाही मनाई होती. हिरात्सुका राइचो आणि इचिकावा फुसाए यांच्या संघटनेने सह्या गोळा करून, खासदारांचे उंबरे झिजवून १९२२ मध्ये ती उठवून घेतली. १९३१ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरत्या मताधिकाराचे विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि सरदारांच्या सभागृहाने ते फेटाळले. ज्यांच्या तोंडचा घास असा काढून घेतला गेला, त्यांना सगळे आयते मिळाले असे म्हणवते तरी कसे?

वामन:
शरयूताई, या स्त्रिया थोर होत्या हे मी नाकारत नाही, पण त्या मूठभर होत्या. इचिकावांनी युद्धकाळात सरकारला साथ दिली आणि त्यापायी १९४७ ते १९५० त्यांना सार्वजनिक जीवनातून दूर ठेवले गेले, हेही आपण लिहायला हवे होते. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया कनिष्ठ सभागृहात आल्या, पुढच्या वर्षी १५ उरल्या आणि ३९ चा आकडा ओलांडायला २००५ उजाडले. मुळे खोल असती, तर झाड एका वर्षात वठले असते का?

शरयू:
झाड वठले नाही, नियम बदलला. १९४६ मध्ये मतदारसंघ मोठे होते आणि बहुतेक ठिकाणी मतदाराला मतपत्रिकेवर दोन किंवा तीन नावे लिहिता येत, त्यामुळे पहिले नाव पुरुषाचे लिहूनही दुसरे बाईचे लिहायला जागा होती. १९४७ मध्ये एकच नाव लिहायचा नियम आला. इचिकावांवरचा ठपका मात्र मला मान्य आहे आणि त्यांच्याविषयी आदर असल्यामुळेच तो सलतो.

केतकी:
आपण दोघेही संसदेतली डोकी मोजत बसला आहात. १९४८ मध्ये ओकु मुमेओ यांनी गृहिणींची संघटना उभारली, तिची सुरुवात न पेटणाऱ्या काड्यापेट्यांपासून झाली. बायका घरातल्या निकृष्ट काड्यापेट्या घेऊन आल्या आणि त्या बदलून मागितल्या. पुढे त्यांच्या मोर्च्यात भल्यामोठ्या भातवाढीच्या आकाराचे फलक असत. मुंबईत महागाईविरुद्ध निघालेले लाटणे मोर्चे आमच्या आईने पाहिले आहेत, त्यामुळे ती भातवाढी मला परकी वाटत नाही. १९६५ मध्ये टोकियोच्या सेतागाया भागातल्या बायकांनी एकत्र दूध विकत घ्यायला सुरुवात केली, त्यांच्याच सहकारी चळवळीने पुढे स्थानिक सभागृहांत आपल्या प्रतिनिधी निवडून पाठवल्या.

वामन:
केतकीताई, भातवाढी हातात धरून बाई मोर्च्यात गेली आणि संध्याकाळी तीच भातवाढी घेऊन परत स्वयंपाकघरात उभी राहिली, तर सत्ता कोणाकडे राहिली?

नंदिनी (योकोहामा):
सत्ता कोणाकडे आहे ते घरातच पाहा. मी मराठी, नवरा जपानी; परदेशी व्यक्तीशी लग्न झाले की जपानमध्ये आडनाव एक करण्याची सक्ती नसते, म्हणून माझे आडनाव टिकले. माझ्या नणंदेला, जी त्याच देशाची नागरिक आहे, ते टिकवता आले नाही. कायदा म्हणतो की पतिपत्नींनी कोणतेही एक आडनाव निवडावे, आणि शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जोडप्यांत ते नवऱ्याचे असते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, तेव्हा पीठावरच्या तिन्ही महिला न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य असल्याचे मत नोंदवले होते. पंतप्रधान ताकाइचींचाही वेगळ्या आडनावांना विरोध आहे. प्रश्न मिटला तो कोणाचा?

वामन:
आडनाव हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे. माझ्या आईचे तर पहिले नावही लग्नात बदलले आणि तिने कधी तक्रार केली नाही.

नंदिनी:
त्यांना कधी कोणी विचारले होते का, वामनराव? माझी नणंद शाळेत शिकवते. लग्नानंतर तिने बँक, वाहन परवाना, पासपोर्ट अशा एकेका खिडकीवर उभे राहून स्वतःचे नाव पुसले. आजोबांनी दिलेला, सहीऐवजी उमटवायचा लाकडी शिक्का, ज्यावर माहेरच्या आडनावाची दोन अक्षरे कोरली आहेत, तो तिने रुमालात गुंडाळून ठेवला, तेव्हा मी तिच्यासमोर बसले होते. याला पोट भरलेल्यांचा प्रश्न म्हणू नका, मला राग येतो.

केतकी:
वामनराव, आता तरी उत्तर द्या.

वामन:
आईला मी कधीच विचारले नाही आणि आता ती नाही. 'ओंजळीत टाकला' हे शब्द मी मागे घेतो. मात्र चळवळ जिंकली असे म्हणायला मी अजून तयार नाही. पक्षांनी स्त्री-पुरुष उमेदवार शक्यतो समसमान द्यावेत असा कायदा २०१८ मध्ये झाला, पण तो मोडणाऱ्याला दंड नाही. एका मतदारसंघात उभे राहायला तीस लाख येन अनामत लागते. २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहात ४६५ पैकी ७३ स्त्रिया निवडून आल्या आणि तोही उच्चांक ठरला.

शरयू:
चळवळ जिंकली असे मी लिहिलेच नव्हते; ती होती आणि आहे, एवढेच माझे म्हणणे होते.

वामन:
नंदिनीताई, तो शिक्का अजून रुमालातच आहे का?

नंदिनी:
नाही. वर्षभराने तिने तो बाहेर काढला. शाळेत तिला जुने आडनाव वापरू देतात, म्हणून तिथल्या कागदांवर ती तोच उमटवते. बँकेत तो चालत नाही.