मदत हवी आहे: ॲशचा प्रयोग वर्गात कोणाला न दुखावता कसा करावा?

नमस्कार. मी बीएच्या मुलांना सामाजिक मानसशास्त्र शिकवते. सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा रेषांचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर ढळढळीत दिसत असतं, तरी आधी पढवलेली माणसं एकामागून एक चुकीचं बोलली की जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले.

मागच्या वर्षी वर्गात करून पाहिला. एका मुलीचं बोट बरोबर रेषेकडे गेलं, थबकलं, आणि तिने हळूच चुकीचा आकडा सांगितला. खरं कळल्यावर सगळे हसले. तिचा चेहरा उतरला, ते मला अजून खुपतंय.

उत्तरं कागदावर घेतली तर दबाव बराच कमी होतो, पण मग दाखवायचं तेच राहून जातं. साथीला एक जण जरी खरं बोलला तरी माणसं ठाम राहतात, म्हणून ती फेरी शेवटी ठेवावी का? प्रयोगाचं गुपित न फोडता संमती कशी घेता? आणि नंतरची चर्चा नेमकी कशी सुरू करता? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.